आपल्या भागातल्या जुन्या शाळेचा इतिहास कसा लिहावा

नागपूर वाढले तसे भोवतालचे मौजे ले-आउटखाली गेले. शेते गेली, पांदण गेली. जुन्या गावठाणातली प्राथमिक शाळा मात्र पुष्कळ ठिकाणी अजून भरते. पटसंख्येअभावी तिला कुलूप लागण्याआधी तिचा इतिहास लिहून काढायला हवा.

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला. जुने दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, म्हटले की जात पडताळणीचे प्रकरण असावे असे त्यांना वाटते. म्हणून कशासाठी पाहायचे आहे ते अर्जातच स्पष्ट लिहा आणि परीक्षेचे दिवस टाळा.

रजिस्टर हाती आले की घाई करू नका, सगळा जीव त्यातच आहे. पहिल्या नोंदीची तारीख टिपा. मुलींची नावे कोणत्या वर्षापासून दिसू लागतात, पालकांच्या धंद्यात ‘शेती’ आणि ‘मजुरी’च्या जागी ‘नोकरी’ केव्हा येते, हे वर्षवार मोजा. ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना तर ओळ न ओळ वाचा. पोर कामाला लागले, गाव सोडले, सतत गैरहजर म्हणून नाव कमी केले: वस्तीचे हाल तिथे दोन-दोन शब्दांत नोंदलेले असतात. पाने ठिसूळ असतात, तेव्हा झेरॉक्स न काढता उजेडात मोबाइलने फोटो घ्या, तेही परवानगीनेच. कुणाचे नाव, जात किंवा जन्मतारीख लेखात घेऊ नका, आकडे पुरेत.

मग शिक्के पाहा. ग्रामीण शाळेच्या कागदांवर आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिल, 1948 नंतर जनपद सभा आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद, असे मालक बदलत गेलेले दिसतात. शाळा शहराच्या हद्दीतली असेल तर नगरपालिका, जी 1864 साली स्थापन झाली आणि 1951 मध्ये महानगरपालिका बनली. 1956 च्या ऑक्टोबरपर्यंतच्या कागदावर ‘मध्यप्रदेश’ दिसले तर दचकू नका. तेव्हा नागपूर त्याच राज्याची राजधानी होते. तारीख नसलेल्या कागदाचा काळ या शिक्क्यांवरूनच ठरवता येतो.

शेरेबुक असेल तर तेही मागा. तपासणीला आलेल्या साहेबांनी गळके छप्पर, अपुरे शिक्षक, पाण्याची सोय यांवर लिहिलेले शेरे कुठल्याही अहवालापेक्षा खरे वाटतात.

जागा कुणाची, हे सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवरून कळते. ‘मालगुजाराने (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने) जागा दिली’ हे गावोगाव ऐकू येते. मालगुजारी 1951 मध्ये संपली, त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत ते नाव सापडले तरच तसे लिहा.

हे सगळे हाती आल्यावरच जुन्या विद्यार्थ्यांकडे आणि निवृत्त गुरुजींकडे जा. ‘शाळेचे काही सांगा’ म्हटले की सगळेच चांगले होते, एवढेच ऐकायला मिळते. त्याऐवजी नेमके विचारा: पाणी कुठून आणायचे? सकाळची शाळा केव्हा लागायची? पाचवीला कुठे जावे लागे, आणि कोण गेलेच नाही? या शेवटच्या प्रश्नावर माणसे खरे बोलू लागतात. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत उतरवा, सुधारू नका.

लिहून झाले की सांगणाऱ्यांना वाचून दाखवा, दुरुस्त्या करा. एक छापील प्रत शाळेला, एक जवळच्या वाचनालयाला द्या. फोटो दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि प्रत्येकाला रजिस्टरचे वर्ष व पान क्रमांक असे नाव द्या.