थंडीतल्या गुरांची फेरी

माझं माहेर राजूरच्या बाजूचं, डांगी गुरांच्या मुलखातलं. तिथे दिवेलागणीला गुरं आपण होऊन गोठ्यात येतात, मग मोजायची. इकडे इंग्लंडात, सरेच्या माळावर, ती भर जानेवारीतही रात्रंदिवस उघड्यावर. राठ गवत आणि बर्चची रोपटी खाऊन माळ मोकळा ठेवायचा, यासाठीच ती सोडलेली. त्यांना रोज कोणीतरी बघून यावं लागतं. आम्ही स्वयंसेवक आळीपाळीने जातो. माझा वार मंगळवार. नव्या माणसाला मी सांगते ते असं.

डिसेंबरात चारलाच अंधारतं, तेव्हा सकाळीच निघा. गमबूट, दुर्बीण, पूर्ण चार्ज केलेला फोन. कुत्रा घरी. आणि गोग्रासाची हौस इथे नको: एकदा चटक लागली की गाय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीमागे लागते.

आधी मोजणी. आमच्या गायी बेल्टेड गॅलोवे, पुढून-मागून काळ्या, मध्ये रुंद पांढरा पट्टा. पहिल्या बर्फात १२ गायी मी १४ मोजल्या! बसलेल्या दोघींचे पट्टे बर्फात मिसळून गेले होते आणि एकेकीची दोन-दोन काळी ढेकळं दिसत होती. तेव्हापासून मी डोकी मोजते. एखादी कमी भरली तर आधी काटेरी झुडपांचा आडोसा बघा, मग कुंपण.

मोजून झालं की लगेच वळू नका. लांबूनच दहा मिनिटं उभे राहा. बसलेली रवंथ करतेय ना? उठताना अंग ताणून आळस दिला तर छान. कळपापासून एकटी कोण, लंगडतंय कोण, डावी कूस खपाटीला कोणाची गेलीय? ओलसर जागी चरणाऱ्या गुरांच्या जबड्याखालीही नजर टाका. तिथे थुलथुलीत सूज दिसली तर यकृतातल्या जंतांची शंका घ्यायची.

पाठीवर बर्फ तसंच साचलेलं दिसलं की नवखे हळहळतात. उलट ते चांगलं: दाट केसांतून अंगाची ऊब बाहेर जात नाही, म्हणून बर्फ वितळत नाही. काळजी करायची ती पावसाने निथळणाऱ्या, वाऱ्यात पाठीला बाक काढून कुडकुडणाऱ्या गायीची.

पाण्याच्या हौदावरचा बर्फ फोडलात तर तुकडे बाहेर काढून टाका, नाहीतर पुन्हा गोठून जोडले जातात. वादळानंतर मात्र कुंपणाच्या कडेने पूर्ण चाला. यूच्या झाडाची फांदी आत पडलेली दिसली तर तिथूनच फोन करा, घरी जाऊन नव्हे. त्या पाल्याचे थोडे घास खाल्ले तरी गाय दगावते, बऱ्याचदा काही लक्षण दिसायच्या आतच.

आजारी गायीला स्वतः हात लावायचा नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर दुर्बिणीतून टिपा, जागा नीट सांगा, बाकीचं गुरांचा मालक बघेल. सगळं ठीक असेल तरी कळवायचंच. परवाचा माझा मेसेज: '१२. पाणी मोकळं. शिंग नसलेल्या या बायांपैकी एकीने माझी टोपी चाटली.'