वाळवंटातल्या तळ्याची पांढरी माती सूक्ष्मदर्शकाखाली कशी बघावी

जानेवारी 1832 मध्ये बीगल जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्द बेटांपाशी पोचलं, तेव्हा डोलकाठीवरच्या वातदर्शकाच्या जाळीत बारीक तपकिरी धूळ अडकली होती. चार्ल्स डार्विनने तिची पुडी बांधून ठेवली. अशा पाच पुड्या पुढे जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी तपासल्या आणि त्यांत सजीवांचे 67 प्रकार मोजले. त्यांतले सूक्ष्मजीव दोन सोडले तर सगळे गोड्या पाण्यातले होते. भर समुद्रात, आफ्रिकेच्या वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्यावर, तळ्यातले जीव!

ते डायटम होते. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हे नाव मला फार आवडतं. एकपेशी शेवाळ, पण भोवती सिलिकाची, म्हणजे जवळजवळ काचेचीच डबी. कुंकवाच्या करंड्यासारखं खाली भांडं, वर झाकण. जीव मरतो, डबी तळाशी बसते. आफ्रिकेतल्या चाड देशाच्या उत्तर भागात बोदेले नावाचा खोलगट प्रदेश आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे आख्ख्या महाराष्ट्राहून मोठं तळं होतं. ते आटलं, डायटमचा पांढरा गाळ उघडा पडला आणि तिबेस्ती व एनेडी डोंगरांमधून घुसणारा वारा तो आजही उडवतो. ही धूळ अटलांटिक ओलांडून जाते.

माती मिळवणं. बोदेलेचा नमुना तुम्हा-आम्हाला मिळणं कठीण. पण बागकामाच्या दुकानात कीड मारायला ‘डायटोमेशियस अर्थ’, म्हणजे डायटमचीच माती, विकतात, ते चालेल. न भाजलेलं, फूड ग्रेड घ्या. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरचं घेऊ नका. ते भट्टीत भाजलेलं असतं आणि त्यातली स्फटिकरूप सिलिका फुप्फुसाला घातक असते. पुडी कुठलीही असो, मास्क लावूनच उघडा आणि भुकटी लगेच पाण्यात टाका.

धुणं. हरभऱ्याच्या डाळीएवढी माती काचेच्या पेल्यात घ्या आणि थोडं पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. वाळवंटी तळ्यांच्या गाळात तो बहुधा असतोच. फसफस थांबेपर्यंत थांबा, हवं तर आणखी व्हिनेगर घाला. मग डिस्टिल्ड वॉटर भरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. माझी पहिली स्लाइड मी बोअरच्या पाण्यावर केली होती. सुंदर चौकोनी नक्षी दिसली म्हणून हरखलो, तर ते क्षार निघाले.

पेला ढवळून दहा सेकंद थांबा आणि वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. तळाशी राहिली ती वाळू. आता दुसरा पेला हलवू नका. डायटम बसायला पाण्याच्या दर सेंटिमीटरला साधारण एक तास लागतो, म्हणजे दहा सेंटिमीटर पाण्याला जवळपास आख्खी रात्र. सकाळी वरचं पाणी अलगद काढून टाका, नवं भरा, पुन्हा रात्रभर ठेवा. असं चार-पाच वेळा. लोक इथेच कंटाळतात आणि धुण्याचा सोडा घालून मोकळे होतात. तसं करू नका. अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते. खाऱ्या, सोड्याच्या तळ्यांत कित्येक डायटम याच कारणाने टिकत नाहीत.

स्लाइड. ताकाच्या निवळीइतकंच धुरकट होईल इतकं पाणी मिसळा. घट्ट थेंब घेतलात तर नुसता ढिगारा दिसेल. थेंब कव्हरस्लिपवर (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेवर) ठेवा, धूळ पडू नये म्हणून वर झाकण घाला, पंखा बंद करा आणि आपोआप वाळू द्या. वाळल्यावर ती कव्हरस्लिप पालथी करून स्लाइडवर ठेवा आणि कडांना नेलपॉलिशचा अगदी पातळ हात द्या. आत हवाच राहू द्या. स्लाइड चिकटवायला वापरतात ती कॅनडा बाल्सम नावाची राळ नको. त्याचा आणि डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, इतका जवळचा आहे की नक्षी फिकी पडते. प्रयोगशाळांत यासाठी खास जास्त अपवर्तनांकाची राळ वापरतात.

बघणं. आधी 100 पट, मग 400 पट. कंडेन्सरखालचा (स्लाइडखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालचा) पडदा बराचसा मिटवा, तेव्हाच डब्यांवरच्या ठिपक्यांच्या रांगा उठून दिसतात. एकाला एक जोडलेली लांबट पिंपं दिसली तर ती ऑलाकोसायरा. बोदेलेच्या गाळात हीच भरपूर आहे. तिची डबी जड, वाऱ्याने पाणी घुसळलं गेलं तरच ती तरंगत राहते. म्हणून पिंपांची गर्दी दिसली की उघडं, मोठं, गोडं पाणी समजावं. नाण्यासारखा गोल स्टेफॅनोडिस्कसही गोड्या पाण्यात तरंगणारा. केळीच्या आकाराचे एपिथेमिया पाणवनस्पतींना चिकटून राहतात, त्यांनी किनारा किंवा उथळ पाणी कळतं. खोगिरासारखा वाकलेला कॅम्पिलोडिस्कस क्लिपियस वाढू लागला की तळं आटून खारट होत चाललं होतं. एखाद-दुसऱ्या डबीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. अभ्यासक एका नमुन्यात साधारण 300 ते 500 झडपा, म्हणजे डबीचे अर्धे भाग, मोजतात.

तुमच्या पुडीतली माती समुद्राची असण्याचीही शक्यता आहे. कॅलिफोर्नियातल्या लोम्पोकची तशीच आहे. नेवाडातली पुष्कळशी माती मात्र आता वाळवंट झालेल्या जुन्या तळ्यांची. पाकिटावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, पिंपं दिसतात का ते बघूनच अंदाज बांधावा लागतो.

अर्ध्याहून जास्त डब्या फुटक्या दिसल्या तर धुण्याला दोष देऊ नका, फक्त पाणी ढवळताना चमचा पेल्याच्या काचेवर घासला नव्हता ना एवढं आठवून बघा. मोजताना मध्यभाग शाबूत असलेल्याच डब्या धरा, नाहीतर एकाच पिंपाचे चार तुकडे चार पिंपं होतात. धुतलेला उरलेला गाळ झाकणाच्या बाटलीत ठेवा, त्यावर चिठ्ठी चिकटवा, आणि पुढचा थेंब निम्मं पाणी घालून करून बघा.