इंजिन थंड, तरी टेंपरेचरचा लाल दिवा: खोटी चेतावणी कशी ओळखायची

पसरणी घाट चढून पाचगणीत शिरताना लाल दिवा लागला, तर "सेन्सर गेला असेल" म्हणत तसंच महाबळेश्वर गाठू नका. दिवा आधी खराच मानायचा आणि तो खोटा आहे हे मोजून सिद्ध करायचं. हा क्रम उलटला की सेन्सरच्या छोट्या कामाचं हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधल्या सीलचं) मोठं काम होतं.

गाडी कडेला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. वाफ, कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास किंवा खाली ठिबकणारं पाणी दिसलं तर इंजिन लगेच बंद. यातलं काहीच नसेल तर हीटरच्या झरोक्यापाशी हात धरा. काटा वर आणि हवा मात्र गार, म्हणजे कुलंट कमी झालंय. चेतावणी खरी, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. ते ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभरीच्या वर जाऊनही उकळत नाही. साताऱ्यात उघडं पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. त्यामुळे झाकणाची स्प्रिंग सैल पडली की त्याचा फटका पहिल्यांदा घाटमाथ्यावर बसतो, आणि तो दिवा खोटा नसतो.

एक प्रकार ना खोटा, ना धोक्याचा. खंबाटकीचा चढ संपवून लगेच इंजिन बंद केलं, चहा घेतला आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की काटा आधीपेक्षा वर दिसतो. पंप थांबलेला असतो, हेडमधली उष्णता तिथल्याच कुलंटमध्ये उतरते. इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात काटा खाली आला तर काळजी नको. चढानंतर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करायची सवय लावा.

सकाळची तपासणी

सगळ्यात भरवशाची तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर होते. कुलंटची बाटली आणि, इंजिन पूर्ण गार असल्याने, रेडिएटरसुद्धा उघडून पातळी बघा. मग ओबीडी अ‍ॅडॉप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) लावा, किल्ली ऑन करा, पण इंजिन चालू करू नका. कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान हे दोन आकडे शेजारी ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत ते दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखेच असायला हवेत. हवा २२ आणि कुलंट ९० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय. थंड इंजिन ८० अंशांवर यायलाच कित्येक मिनिटं लागतात. याच कारणाने किल्ली फिरवताक्षणी एचवर (मीटरवरच्या गरमच्या खुणेवर) उडी मारणारा काटा, किंवा ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला की हलणारा काटा, हा विजेचाच दोष असतो. काही गाड्यांत थंड इंजिनवर फॅन सुरू होतो, तीही हीच खूण.

ओबीडी नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. इंजिन गरम करून थर्मोस्टॅटच्या (कुलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर नेम धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी दाखवतं, म्हणून गार असतानाच तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावरच मोजा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा ५ ते १० अंश कमी येतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ ला उघडतो, फॅन ९५ ते १०० च्या दरम्यान लागतो, लाल दिवा बहुतेक गाड्यांत ११५ च्या पुढे. टेपवर ८५ आणि मीटरवर लाल, तर शोध वायरिंगकडे वळवा.

कपलर काढल्यावर काय दिसतं

बहुतेक गाड्यांचा सेन्सर तापला की त्याचा विजेला होणारा रोध घटतो. म्हणून वायर कुठे अर्थ झाली (गाडीच्या धातूला टेकली) की मीटर "खूप गरम" वाचतं, आणि वायर तुटली की "खूप थंड". हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. कपलर (सेन्सरला लागणारा वायरचा प्लग) काढा: ओबीडीवर उणे ४० आलं पाहिजे. आलं, तर वायरिंग ठीक आणि सेन्सर संशयित. कपलर काढूनही आकडा वरच असेल, तर वायर कुठेतरी सोललेली आहे. ओबीडीवर दिसणारा पी०११७ हा दोषाचा कोड याच बाजूचा, पी०११८ वायर तुटल्याचा. काही गाड्यांत कपलर काढताच फॅन पूर्ण वेगाने फिरतो, म्हणून आधीच हात लांब ठेवा.

ऊस तुटला की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि शेडमधल्या गाडीचं बॉनेट त्यांना उबदार मिळतं. कराड, वाळवा भागात तोडणीच्या हंगामात इंजिनवरचं वायरिंग हाताने चाचपून बघाच. दातांच्या खुणा पाइपातून आत जाणाऱ्या वळणावर, खालच्या बाजूला असतात. वरून वायर धडधाकट दिसते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणं. कपलरमध्ये पाणी राहतं, पिनांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, रबर सील जागेवर आहे का बघा.

सेन्सर काढून तपासायचा तर मल्टिमीटर ओहमवर लावा आणि गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत त्याचं टोक बुडवा. बऱ्याच कारमध्ये २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ४० ला अकराशे-बाराशे, ८० ला सव्वातीनशेच्या जवळपास येतं. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, मॅन्युअलमधला तक्ता अंतिम. आकडा सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. मधेच उडी मारली तर सेन्सर बदला.

जुन्या जीप आणि ट्रॅक्टरना एकाच वायरचा बल्ब (दिवा नव्हे, तापमानाचा सेन्सर) असतो आणि त्याला अर्थ मिळतो आट्यांतून. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थ तुटतो. वायर काढून हवेत धरली की काटा सीकडे (थंडच्या खुणेकडे), क्षणभर इंजिनच्या अंगाला लावली की एचकडे जायला हवा. हवेत धरूनही एचवरच अडकला, तर वायर अर्थ झालीय किंवा मीटर गेलंय. टेंपरेचर आणि डिझेल दोन्ही काटे एकत्र चुकत असतील, तर बल्ब बदलण्यात पैसे घालवू नका. मीटरची अर्थिंग, नाहीतर त्यामागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. इंजिनची अर्थिंगही मोजा: मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सोडवून दोन्ही टोकं घासा.

कुलंट नुकतंच बदललं असेल आणि काटा वरखाली उड्या मारत असेल, तर आत हवा अडकलेली आहे. सेन्सरभोवती कुलंटऐवजी वाफ आली की असं होतं. गार इंजिनवर गाडीचं तोंड चढाकडे करा, हीटर गरमवर, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडणारा) असेल तर तो उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरा. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरच्या पाण्याचे क्षार सेन्सरवर बसतात. बुडबुडे दर वेळी नव्याने येत राहिले तर तो हेड गॅस्केटचा मामला, मेकॅनिककडे न्या. आणि कुलंट पार संपलं तर सेन्सर हवेत लटकतो व इंजिन भाजत असताना काटा खाली दाखवतो. म्हणून नुसत्या खालच्या काट्यावर कधी विसंबू नका.

नवीन सेन्सर पार्ट नंबर जुळवूनच घ्या. आटे तेच पण आतलं गणित वेगळं असलेला सेन्सर कायमचं दहा-पंधरा अंश चुकीचं दाखवतो. वॉशर किंवा ओ-रिंग नवी घाला, गळलेलं कुलंट भरून काढा, कोड पुसा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवा-कुलंटचे दोन आकडे पुन्हा जुळतात का ते बघा.