नफा ११ लाख, मग खात्यात पैसे का नाहीत? ताळेबंद असा वाचा

सीएने फाईल दिली की आपण काय करतो, नफा किती ते बघतो, टॅक्स किती बसला विचारतो आणि सही करून मोकळे. खरी गंमत ताळेबंदात, म्हणजे बॅलन्स शीटमध्ये, असते आणि ते पान कोणी उघडतच नाही. म्हणून आधी तेच घ्या, आणि मागच्या वर्षाचा कॉलम शेजारी हवाच, नुसत्या एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही.

समजा अंबड एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) पार्ट बनवणारा एक वर्कशॉपवाला आहे, प्रोप्रायटर. विक्री १ कोटी २० लाख, नफा ११ लाख, तरी मार्चएंडला खातं कोरडं आणि वर सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, २ लाखांनी वाढलेली. गेले कुठे पैसे?

पेन घ्या. ११ मध्ये घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी धरलेली रक्कम, ३ लाख मिळवा, तो खर्चात धरलेला असतो पण त्या वर्षी खिशातून काही गेलेलं नसतं. झाले १४. आता ताळेबंदात संड्री डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं, बघा, १४ लाखांचे २२ झालेत, म्हणजे आणखी ८ लाख पार्टीकडे अडकले. राहिले ६. स्टॉक २ लाखांनी वाढला, ४ राहिले. लोखंडी बार देणाऱ्याचं आणि टूलिंगवाल्याचं देणं ३ लाखांनी वाढलं, म्हणजे तेवढं त्यांच्या जिवावर चाललं, ७ झाले. मशीनच्या हप्त्यातलं मुद्दल ४ लाख, हे नफा-तोट्यात दिसतच नाही, तिथे फक्त व्याज येतं. उरले ३. आणि घरखर्च, इन्कम टॅक्स, पोरांची फी धरून मालकाची उचल ५ लाख, ती पण नफा-तोट्यात नाही, भांडवल खात्यात वजा होते. वजा २. हीच ती वाढलेली सीसी. हिशोब जुळला.

मोठ्या ऑडिट रिपोर्टमध्ये हेच काम कॅश फ्लोचं पान करतं, छोट्या प्रोप्रायटरला ते बहुतेक वेळा मिळत नाही म्हणून हाताने करायचं, एवढंच.

मग डेटर्सचे दिवस, म्हणजे बिलाचे पैसे यायला सरासरी किती दिवस लागतात ते, काढा. इथे एक चूक सगळेच करतात, डेटर्समध्ये जीएसटी धरलेला असतो आणि नफा-तोट्यातल्या विक्रीत नसतो. १८ टक्के लावून विक्री १ कोटी ४१ लाख ६० हजार धरा, २२ लाखांना त्याने भागून ३६५ ने गुणा, साधारण ५७ दिवस येतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. आता रोजची ऑर्डर देणाऱ्या पार्टीकडे व्याज कोण मागणार ते सोडा, पण तगादा लावताना नियम माहिती असलेला बरा. आणि ५७ ही सरासरी आहे हां, टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एजवाइज, म्हणजे कोणतं बिल किती दिवस जुनं त्याची, यादी काढा, एखादं बिल वर्षभर पडून असेल तर ते तिथेच सापडेल.

स्टॉकचा आकडा मात्र स्वतः रॅकपाशी उभं राहून तपासा. क्लोजिंग, म्हणजे वर्षअखेरचा, स्टॉक २ लाखांनी फुगवला की नफा पण २ लाखांनी फुगतो, टॅक्स भरावा लागतो आणि पुढच्या वर्षी तोच आकडा ओपनिंगला येऊन नफा खातो. बँकेला सीसीसाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देताच ना, मग मार्चचं स्टेटमेंट आणि ताळेबंदातला स्टॉक शेजारी ठेवून बघा, फरक असेल तर सही करायच्या आधी सीएला विचारा.