पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) कार: आधी ट्रिम, मग वेग

१:२८ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठ्ठावीसाव्या हिश्श्याची गाडी वीतभरही नसते. तिला फरशी हवी, खडी नको. आधी रिमोट सुरू करा, मग गाडी. बंद करताना मात्र गाडी आधी, नाहीतर काही मॉडेल सिग्नल तुटताच सुसाट सुटतात.

फरशीच्या सांध्यावर गाडी ठेवून, स्टिअरिंगला हात न लावता तीन मीटर हळू चालवा. डावीकडे ओढते? रिमोटवरची ट्रिमची कळ (गाडी सरळ जावी म्हणून स्टिअरिंग किंचित सरकवणारी) उजवीकडे थोडी थोडी फिरवा. कळ टोकाला जाऊनही फरक पडला नाही, तर बहुधा पुढच्या आसाला केस किंवा गालिच्याचा धागा गुंडाळलेला असतो. चाक काढा, चिमट्याने ओढा, आणि नट चाक मोकळं फिरेल इतकाच आवळा.

गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटतं. नवखे इथेच भिंतीवर आदळतात. दोन चपला दीड मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, अर्ध्या वेगात.

७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी, आत दोन सेल) पूर्ण भरली की ८.४ दाखवते. गाडी मंदावली की थांबा. एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की खराब होतो. गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. फुगलेली तर कधीच नाही.