तुतीच्या पानांचं डायजेशन: ब्लँकशिवाय आकडा लिहू नका

सोलापुरात राहून बेरीवर्गातल्या पानांवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचा असेल, तर स्ट्रॉबेरीच्या पानांसाठी महाबळेश्वर गाठण्यापेक्षा तुती घ्या. रेशीमवाल्या शेतकऱ्याकडे पाला ताजा मिळतो. शेवटची फवारणी कधी झाली ते मात्र विचारा. वाळवण सावलीत किंवा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. मे महिन्यात गच्चीवर पसरलेला पाला लवकर कुरकुरीत होतो, पण उन्हात फिनॉलिक्स (पानातली अँटिऑक्सिडंट संयुगं, जी आपल्याला मोजायची आहेत) जातात आणि दोन बॅच कधी जुळत नाहीत.

ही फिनॉलिक्स पचनात किती मोकळी होतात ते नळीत पोट-आतड्याची नक्कल करून बघायचं, त्यासाठी इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय संशोधक-गटाची २०१९ची पद्धत धरा. कोरडी पूड पाणी शोषते, म्हणून १ ग्रॅम पूड अधिक ४ मिली पाणी असा ५ ग्रॅमचा लगदा करा. लाळेचा टप्पा २ मिनिटं, जठराचा पीएच ३ वर २ तास (पेप्सिन २००० युनिट प्रति मिली), आतड्याचा पीएच ७ वर २ तास (ट्रिप्सिन १०० युनिट प्रति मिली, पित्त १० मिलीमोलर). सगळं ३७ अंशांवर. प्रत्येक टप्प्यात आकारमान दुप्पट होतं, म्हणजे ५चे शेवटी ४० मिली. हा आठपट गुणक विसरलात की पान निकामी ठरतं. एन्झाइमचे ग्रॅम सीनियरच्या थिसिसमधून उचलू नका. तुमच्या बाटलीची अ‍ॅक्टिव्हिटी वेगळी असते, ती मोजा.

आता खरा खड्डा. आतड्याच्या टप्प्यात ट्रिप्सिनसाठी घालतो ते पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडाच्या एन्झाइमांचं मिश्रण) म्हणजे बहुतांशी प्रोटीन. त्यातलं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन फिनॉल मोजणाऱ्या फोलिन अभिकर्मकाला निळं करतात, नळीत पानाचा कणही नसला तरी! त्यात एन्झाइम एकमेकांना पचवत राहतात, तसा हा रंग वाढत जातो. म्हणून ‘पचनानंतर १४० टक्के फिनॉल’ असले आकडे येतात आणि लोक आनंदाने छापतात. शून्य मिनिटाचा ब्लँक (पान नसलेली तुलनेची नळी, न पचवता लगेच मोजलेली) पुरत नाही. खरा ब्लँक म्हणजे लगद्याऐवजी तेवढंच पाणी, तेच एन्झाइम, तेच पित्त, तेवढाच वेळ, तेच सेंट्रिफ्यूज. ७६५ नॅनोमीटरचं त्याचं रीडिंग वजा करायचं आणि मगच गॅलिक आम्लाच्या कर्व्हवर (ज्यावरून रंगाचं फिनॉलच्या प्रमाणात रूपांतर होतं) जायचं. शिवाय एन्झाइमविना, फक्त पीएच बदललेली एक नळी ठेवा, म्हणजे नुकसान पीएचने झालं की एन्झाइमने ते कळेल. ‘डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट क्षमतेची रंगचाचणी) उरकून टाक’ म्हणणाऱ्या गाइडचं इथे ऐकू नका: मिथेनॉलमध्ये पचनद्रवातलं प्रोटीन साकळतं आणि ५१७ नॅनोमीटरला गढूळपणाच मोजला जातो.

सेंट्रिफ्यूजनंतर वरच्या द्रवात आलं ते पचनात मोकळं झालं, एवढंच. रक्तात गेलं असं लिहू नका. तुतीच्या पानातलं रुटिन (साखर जोडलेलं एक फिनॉलिक) बहुतेक लहान आतड्यात शोषलं जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात, मग पुढचं.

एचपीएलसीत (संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) क्लोरोजेनिक आम्ल या पानातल्या दुसऱ्या फिनॉलिकचा पीक खाली गेला तर घाबरू नका. पीएच ७ला त्याचा काही भाग निओ आणि क्रिप्टो या त्याच्याच समघटक रूपांत वळतो. शेजारचे दोन पीक मोजून तिन्हींची बेरीज करा. नमुने लगेच बर्फात ठेवून फॉर्मिक आम्लाने पीएच २ पर्यंत उतरवलात, तर हे वळणं तिथेच थांबतं.