कापडी ऍक्टिव्हिटी बुक शिवायचंय? कापडाआधी मुलाची बोटं बघा

चेन उघडायची, फ्लॅप उचलून खाली बघायचं, आकार काढून परत चिकटवायचे, बटण काजातून घालायचं, असलं सगळं पानांवर असलेलं कापडी पुस्तक घरी शिवणं वाटतं तितकं अवघड नाही. सरळ टीप मारता येत असेल आणि हाताने बटण लावता येत असेल तर जमतंच, मशीन नसेल तरी जमतं फक्त वेळ लागतो. खरी अडचण शिवण्यात नसतेच, ती पानांवर काय घ्यायचं हे ठरवताना येते, कारण फोटो बघून बघून आपल्याला घड्याळ पण हवं असतं, वेणी पण हवी असते, बुटाची लेस पण हवी असते, आणि मूल असतं दीड वर्षाचं. मग ती लेस नुसती तोंडात जाते आणि सगळ्यात मेहनतीचं पान उलटून पुढे जातं.

म्हणून आधी थोडे दिवस नुसतं मुलाकडे बघा. ते सध्या कशाशी झटतंय, बॅगेची चेन ओढतंय का, डब्याची झाकणं काढतंय का, मोजा खेचून काढतंय का. ढोबळ अंदाज सांगायचा तर वर्षाच्या आसपास चिमटीत धरणं जमायला लागतं, तेव्हा फ्लॅप आणि वेगवेगळ्या पोताची कापडं बेस्ट, दीड-दोनला वेल्क्रो ओढून काढण्यात मजा येते, दोन-अडीचला मोठा पुलर (चेन ओढायची पकड) असलेली चेन, तीनच्या पुढे मोठं बटण आणि लेस ओवणं, चार-पाचला वेणी, आणि लेसची गाठ पाच-सहा वर्षांच्या आधी अपेक्षितच धरू नका. प्रत्येक मूल वेगळं, पण अंदाज यायला एवढं पुरे. पानांपैकी निम्मी आत्ता जमणारी ठेवा, एक-दोन जरा झटायला लावणारी, आणि बाकीची पुढे वाढवता येतील असं बाइंडिंग करा, ते कसं ते खाली सांगते.

आता सेफ्टीचं, हे मधेच घुसडल्यासारखं वाटेल पण सामान घ्यायच्या आधीच डोक्यात हवं. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी एक साधा नियम धरा, 31.7 मिमी व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती सुटली तर घशात अडकू शकते. अमेरिकेत खेळण्यांचे छोटे भाग तपासायला ह्याच मापाची नळी वापरतात. म्हणजे नेहमीची बटणं, मणी, घुंगरू, चिकटवायचे डोळे हे सगळं तीनच्या आत नकोच, डोळे दोऱ्याने भरा, उलट जास्त छान दिसतात. मॅग्नेट कुठल्याच वयाच्या पुस्तकात घालू नका, कापडात शिवून बंद केलेलं असलं तरी, कारण दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या दोन भागांतून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटू शकतं. बटण सेलवर (बटणासारखा चपटा गोल सेल) चालणारं म्युझिकचं यंत्रही नको. आणि रिबीन, लेस, नाडी जे काही एका टोकाला मोकळं लोंबतंय ते 15 सेमीच्या आत ठेवा.

सामान. पानांसाठी जाडसर सुती कापड घ्या, न ताणलं जाणारं, आणि कापायच्या आधी धुवून वाळवून इस्त्री करा, हे टाळू नका कारण सुती कापड आटतं आणि फेल्ट (न विणता तंतू दाबून केलेलं जाडसर मऊ कापड) तितकं आटत नाही, मग पहिल्या धुण्यात पान चुण्या पडून आखडतं. गडद रंगाचं कापड असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासून बघा, रंग उतरला तर ते बाजूला ठेवा, हे पुस्तक तोंडात जाणार आहे. आकारांसाठी फेल्ट सोयीचं कारण कडा उसवत नाहीत. लोकरीचं फेल्ट गरम पाण्यात आटतं आणि ऍक्रिलिक किंवा पॉलिस्टरचं फेल्ट गरम इस्त्रीखाली वितळतं, तेव्हा कुठलंही असलं तरी थंड पाणी आणि वर सुती कापड ठेवूनच इस्त्री. दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुई साध्या कामाला 14 नंबर आणि शेवटी पानं जोडताना 16. ग्लू गन ह्या कामात वापरू नका, धुतल्यावर सुटतं, सुटलं की कडक तुकडा हातात येतो.

माप. शिवून झाल्यावर पान 20 × 20 सेमी आणि डावीकडे बाइंडिंगसाठी 3 सेमीची पट्टी, म्हणजे 23 × 20, त्यात सगळीकडून 1 सेमी शिवणीचं धरून तुकडा 25 × 22 चा कापायचा. पहिल्या पुस्तकाला चार पानं पुरेत, म्हणजे आठ बाजू, पुढचं मागचं कव्हर सोडून आत सहा ऍक्टिव्हिटी. 110 सेमी पन्ह्याच्या कापडात रुंदीला असे चार तुकडे बसतात, दोन ओळीत आठ, 44 सेमी लांबी लागते, आटण्याचं धरून 60 सेमी घ्या. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारं पातळ फ्युजिंग (कापडाला जरा ताठपणा देणारं अस्तर) लावा पण ते 20 × 20 चंच कापा, शिवणीच्या जागेत आणि बाइंडिंगच्या पट्टीत नको, नाहीतर पान वळत नाही आणि पुस्तक पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहतं. मग सुलट बाजूवर 20 × 20 चा जो भाग दिसणार आहे त्याच्या कडेपासून 2 सेमी आत चॉकने चौकट आखून घ्या, काय लावायचं ते ह्या 16 × 16 च्या चौकटीत. कडेला काही जाड आलं तर शेवटची टीप मारताना मशीनचा पाय त्यावर चढतो आणि टीप वाकडी होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी सगळ्या बाजूंवरचं काम पूर्ण करायचं आणि मगच दोन-दोन बाजू पाठीला पाठ लावून जोडायच्या. गाठी, उलटे टाके, मागे लावलेली ठिगळं सगळी आत झाकली जातात.

वेल्क्रोचं पान सगळ्यात जास्त खेळलं जातं असा माझा अनुभव आहे त्यामुळे त्यावर जरा वेळ घाला. चिकट पाठीचा वेल्क्रो घेऊ नका, सुईला गोंद लागतो आणि टाके सुटायला लागतात, शिवायचाच घ्या. मऊ बाजू पानावर आणि काटेरी बाजू सुट्या आकाराच्या मागे. उलटं केलं तर पुस्तक बंद केल्यावर पानावरचे काटे समोरच्या पानाच्या फेल्टला धरून ठेवतात आणि हळूहळू त्याचा लोकरीसारखा भुगा करतात, शिवाय पानावर हात फिरवताना बोचतात ते वेगळंच. तुकडा छोटा ठेवा, दीड सेमी बाय दोन सेमी पुरे, चारही कोपरे कात्रीने गोल करा आणि चारही बाजूंनी टीप मारून वर एक फुली मारा. मोठा वेल्क्रो लावला की छोट्या हाताला तो निघत नाही आणि मूल आकाराचा कान नाहीतर शेपूट धरून ओढतं, मग फाटतो तो आकार. सुटे आकार फेल्टच्या दोन थरांचे करा, वेल्क्रो आधी मागच्या थराला शिवा आणि मग दोन्ही थर कडेने ब्लँकेट स्टिचने (कडेवर दोऱ्याची किनार येणारा हाताचा टाका) जोडा, म्हणजे वेल्क्रोची टीप पुढून दिसत नाही आणि आकार मऊ पडत नाही. सावली जुळवणं ह्याच्यासाठी मस्त, पानावर गडद रंगात पक्षी, मासा, पान, चंद्र ह्यांच्या नुसत्या सावल्या आणि सुटे रंगीत आकार त्यावर बसवायचे. तीनच्या आतल्यांसाठी प्रत्येक आकार किमान 5 सेमीचा.

चेनचं पान लोक उगाच घाबरून टाळतात. नायलॉनची 20 सेमीची चेन घ्या. फेल्टचा 16 × 14 चा तुकडा कापा, त्याच्या मधोमध 12 सेमी लांब आणि 1 सेमी रुंद खिडकी कापा, चेन मागून लावा, पुलर आठवणीने चेनच्या मध्यावर आणून ठेवा, आणि मग खिडकीच्या कडेपासून 3 मिमीवर चारही बाजूंनी टीप. चेनची टोकं दोन्हीकडे साधारण 2 सेमी बाहेर आलेली दिसतील. आता फेल्टचा तुकडा पानावर चौकटीच्या आत ठेवून त्याच्या कडेलगत चारही बाजूंनी दोनदा टीप मारा, चेनवरून जाताना मशीन हाताने फिरवून सावकाश. टीप झाल्यावरच बाहेरची टोकं कापा, मेटलचे क्लिप त्याबरोबर निघून जातात. पुलर बाहेर असताना कापलंत तर तो हातात येतो, म्हणून मध्यावर म्हटलं. झालं, फेल्ट आणि पान ह्यांच्यामध्ये पॉकेट आपोआप तयार. पुलरला कापडाची छोटी जाडसर पट्टी घालून शिवा म्हणजे बोटांना पकड मिळते. आत काहीतरी सापडायला हवं, नाहीतर चेन उघडण्यात काय अर्थ, कापडाचा छोटा उंदीर करून 12-13 सेमीच्या रिबिनीने आतून पानाला बांधून टाका, रिबिनीचं टोक मात्र फेल्ट पानावर शिवतानाच टिपेत घ्या.

बटणाचं पान तीनच्या पुढे. बटण 2.5 सेमीचं घ्या, आणि पानाच्या मागच्या बाजूला त्याच जागी फेल्टचा छोटा तुकडा ठेवून त्यातून टाके घ्या, म्हणजे ओढाताणीचा जोर एकट्या कापडावर येत नाही. लावताना बटणाखाली आगपेटीची काडी धरा, टाके झाले की काडी काढून त्या सैल दोऱ्याला पाच-सहा वेढे द्या, बटण पानापासून जरा वर राहतं आणि मुलाच्या बोटांना खाली शिरायला जागा मिळते. हे छोटंसं काम केलं नाही तर बटण लागता लागत नाही आणि मूल वैतागतं. फेल्टमध्ये काज शिवायची गरज नाही, 3 सेमीची चीर पुरते, चिरेच्या दोन टोकांना मात्र दोन-दोन टाके घाला. तीन वेगळ्या मापाची फेल्टची फुलं, प्रत्येकाला मधे चीर, मोठं खाली छोटं वर असं एकाच बटणावर बसवायचं, बटण लावण्याचा सराव आणि लहान-मोठं दोन्ही होतं.

अजून एक जे मला फार आवडतं ते बंद मण्याचं चक्रव्यूह, हेही मोठ्या मुलांसाठीच. दोन सुती थरांच्या मधे एक गुळगुळीत मणी सोडायचा आणि टिपा मारून वाटा करायच्या, मूल कापडावरून बोटाने मणी ढकलत नेतं. वाटेची रुंदी मण्याच्या जाडीइतकी ठेवून चालत नाही कारण कापडाला मण्यावरून गोल चढायचं असतं, 12 मिमीचा मणी असेल तर जेमतेम 19 मिमी लागतातच, म्हणून वाट 2.5 सेमीची ठेवा. बाहेरची टीप तिहेरी मारा.

फ्लॅपचं पान सोपं, वरची एक कड शिवायची बाकी मोकळं, खाली सॅटिन, कॉर्ड्रॉय, मखमल, टॉवेलचा तुकडा असं काहीतरी जे हाताला वेगळं लागेल. वेणीसाठी जुन्या टीशर्टच्या पट्ट्या, ओढल्या की गुंडाळल्या जातात आणि दोरे निघत नाहीत.

बाजू जोडायच्या आधी ओढून बघा. युरोपच्या ईएन 71 मानकात खेळण्यावरचा 6 मिमीपेक्षा मोठा भाग 90 न्यूटनने ओढून तपासतात, म्हणजे साधारण नऊ किलोचं वजन टांगल्याइतका जोर. घरी एवढं मोजता येत नाही, पण प्रत्येक गोष्ट मुठीत धरून खरंच जोर लावून ओढा आणि पिळा. हळू हाताने ओढून काही कळत नाही. जिथे टाका जरासा जरी हलला तिथे आत्ताच परत शिवा, पान बंद झाल्यावर मागून जाता येत नाही.

मग दोन बाजूंच्या सुलट बाजू आत घेऊन ठेवा, पुढच्या बाजूची पट्टी डावीकडे असते तर मागच्या बाजूची उजवीकडे, ती एकमेकींवर येते ना हे बघा. सगळ्या रिबिनी आणि फ्लॅप टेपने मधे चिकटवून ठेवा. टाचण्यांऐवजी क्लिप वापरा, आणि टाचण्याच असतील तर मोजून लावा मोजून काढा. 1 सेमीवर टीप, पट्टीच्या बाजूला 10 सेमी उघडं सोडा, कोपरे तिरके कापा, उलटवा, पेन्सिलीच्या बोथट बाजूने कोपरे बाहेर काढा, आत टेप राहिली असेल तर ती काढा. उघडी कड आत दुमडून इस्त्री करा आणि सगळीकडून 3 मिमीवर लांब टाक्याची टीप. शेवटी डावीकडून 3 सेमीवर एक उभी टीप, पान तिथून वळेल.

बाइंडिंगला मी रिंग वापरत नाही, उघडतात आणि बोट चिमटतं. पट्टीवर वरून 3, 10 आणि 17 सेमीवर दीड सेमीची तीन काजं करा, एका पुठ्ठ्यावर खुणा करून तोच सगळ्या पानांवर ठेवा म्हणजे काजं एका रेषेत येतात. 12 सेमीच्या तीन कापडी पट्ट्या काजांतून ओवा, प्रत्येकीची टोकं 2 सेमी एकमेकांवर ठेवून हाताने घट्ट शिवून टाका. जरा सैलच ठेवा, पुस्तक पूर्ण उघडून सपाट पडलं पाहिजे. नवीन पान घालायचं झालं किंवा मूल एखाद्या पानाच्या पुढे गेलं की तेवढे टाके उसवायचे, पान बदलायचं, परत शिवायचं.

धुताना सुटे आकार काढून जाळीच्या पिशवीत, चेन आणि वेल्क्रो बंद, थंड पाण्यात हाताने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत पानं उघडी ठेवून वाळवायचं, आतलं फ्युजिंग ओलं राहिलं तर वास येतो. वाळलं की परत देताना एकदा सगळं ओढून बघा, सैल टाका बहुतेक वेळा धुतल्यावरच दिसतो. सुटे आकार ठेवायला मागच्या कव्हरवर एक झाकणाचं पॉकेट आधीच शिवून ठेवलंत तर ते हरवायचं प्रमाण बरंच कमी होतं.